भोगीची भाजी : एका पातेल्यातली पीक पाहणी



संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी आपल्याकडं घरोघर जेवण ठरलेलं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी आणि रानात जे जे हिरवं माळवं आलं असंल त्या सगळ्याची मिळून एक भाजी. कुणी तिला लेकुरवाळी भाजी म्हणतं, कुणी खेंगट. "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण तर लेकराबाळांना पाठ आहे.

या भाजीवर लिहायचं कारण असं, की मला ती नुसती भाजी वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात दरवर्षी एकाच दिवशी होणारी ती पीक पाहणी आहे. रानात काय आहे, काय नाही, हे त्या दिवशी पातेल्यात दिसतं. आणि हे पातेलं मागं मागं वाचत गेलं तर आपल्या शिवाराचा तीनेक हजार वर्षांचा हिशोब सापडतो. तोच आज मांडतो.

आधी तारखेचं बघू. आपले बहुतेक सण चंद्रावर चालतात, म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्याला येते तर कधी नोव्हेंबरच्या मध्याला. संक्रांत सूर्यावर चालते. म्हणून भोगी दरवर्षी १३ जानेवारीच्या आसपासच. साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढं सरकते, तेवढा फरक सोडून द्या. आता गंमत बघा. देशी वाल, जुनी तूर ही पिकं दिवस किती लहान झाला ते ओळखून फुलावर येतात, म्हणजे तीही सूर्याच्याच हिशोबानं चालतात. त्यामुळं भोगीला शिवारातलं पीक दरवर्षी जवळपास त्याच अवस्थेत सापडतं. हरभऱ्याला घाटे भरलेले, वालाला शेंगा लगडलेल्या, बोरं पिवळी पडायला लागलेली, थंडी सरायच्या बेतात. कृषी खात्यातल्या मित्रांना विचारतो, दरवर्षी एकाच तारखेला, गावातल्या प्रत्येक घरात, कुणी न सांगता होणारं दुसरं कोणतं सर्वेक्षण तुम्हाला माहीत आहे?

आता पातेल्याच्या तळापासून सुरुवात करू.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढं बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरं, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, पाण्याचा पाट, असं सगळं. आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे जळून कोळसा झालेले दाणे. जळलेला दाणा सडत नाही, म्हणून तो हजारो वर्षं टिकतो. त्यात सातू आणि गहू होते, मसूर, लाख, वाटाणा, हुलगा आणि वाल होता, आणि बोराच्या आठळ्याही होत्या.

यातली नावं परत वाचा. वाटाणा, वाल, बोर. ही तिन्ही आजही भोगीच्या भाजीत पडतात. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं भोगी पाळत होती असं मी म्हणत नाही, त्याला काही पुरावा नाही. पण काळ्या रानात रब्बीची कडधान्यं घ्यायची आणि बांधावरचं बोर खायचं, ही रीत तेवढी जुनी आहे. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबादला उत्खनन झालं. तिथंही अशीच शेती करणारी माणसं राहत होती. तिथून आमचं पैठण काही लांब नाही.

भाजीसोबतची भाकरी मात्र लांबून आलेली आहे. बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेतली, वाळवंटाच्या कडेची. ज्वारीही आफ्रिकेतलीच, सुदानच्या बाजूची. आपल्या भागात म्हातारी माणसं सांगतात, की बाजरी हेमाडपंतानं आणली. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, तेराव्या शतकातला. देवगिरीचा किल्ला आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळं ही गोष्ट आपल्याला जवळची वाटते. पण गुजरात आणि कर्नाटकातल्या जुन्या वस्त्यांत बाजरीचे दाणे मिळालेत, ते साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचे. म्हणजे हेमाडपंताच्या कितीतरी आधी बाजरी या देशात आली होती. त्याच्या नावाशी ती जोडली गेली यावरून एवढंच कळतं, की एखाद्या पिकाचं श्रेय दरबारातल्या माणसाला देणं लोकांना सोपं जातं. कोणत्या कुणब्यानं पहिल्यांदा ती पेरून बघितली, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

हरभराही पाहुणाच. त्याचं मूळ तुर्कस्तानच्या आग्नेय भागातलं. पण तो इथं इतका रुजला, की आज जगात सगळ्यात जास्त हरभरा भारतातच पिकतो. तूर मात्र आपली, मध्य आणि पूर्व भारतातली. वांगं आपलं. तीळ आपला, तोही फार जुना, हडप्पाच्या काळातला.

आता मसाल्याकडं या. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं ११३० च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेला लागूनच. त्यात राजाच्या स्वयंपाकाची मोठी माहिती आहे. हिंग आहे, मिरे आहेत, आलं आहे. मिरची कुठंच नाही. असणार कशी? मिरची अमेरिका खंडातली. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून ती इकडं आली. म्हणजे पैठणला नाथमहाराज होते (१५३३ ते १५९९), त्या शतकात मिरची अजून किनाऱ्यावरची नवलाईची वस्तू होती. तिचं नावसुद्धा आपण जुन्या मिऱ्यावरूनच पाडलं. ज्या भाजीला आज आपण लाल तवंग आल्याशिवाय भाजी म्हणत नाही, ती त्याआधी मिऱ्याच्या आणि आल्याच्या तिखटावर होत असणार.

शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. म्हणून तिळाचं कूट जुनं आणि दाण्याचं कूट नवं. बटाटा तर नावासकट पोर्तुगिजांचा. गाजराचं मूळ अफगाणिस्तान-इराणच्या बाजूला.

हे सगळं सांगायचा मतलब काय? परंपरा परंपरा म्हणून आपण ज्याला हात जोडतो, ते पातेलं कधीच बंद नव्हतं. आफ्रिकेची बाजरी आली, तुर्कस्तानचा हरभरा आला, अमेरिकेची मिरची आली. आपल्या बायकांनी चव घेऊन बघितली आणि ठेवून घेतली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जे आलं ते आधी रानात रुजलं, मग पातेल्यात पडलं. आणि नवीन आलं म्हणून जुनं गेलं नाही. वाल राहिला, बोर राहिलं, वांगं राहिलं. पातेल्यात भरच पडत गेली.

ही भरती थांबून गळती लागली ती माझ्या डोळ्यांदेखत, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत.

माझ्या लहानपणी आमच्या कोरडवाहू वावरात एकटं पीक नसायचं. आठ तास बाजरी, दोन तास तूर. मधेच मूग, मटकी, अंबाडी. रब्बीला ज्वारीच्या कडेनं करडई, म्हणजे काट्यामुळं जनावर आत शिरत नाही. हरभऱ्यात जवसाचे चार तास. विहिरीच्या दांडाला वांगी, मिरची, लसूण, गाजर. बांधाला वालाचे वेल आणि बोरीची झाडं. गव्हात चाकवत आपोआप यायचा. भोगीच्या सकाळी आई टोपलं घेऊन रानात एक चक्कर मारायची आणि भरलेलं टोपलं घेऊन परत यायची. एकदा मी मोजलं होतं, चौदा जिनसा होत्या. दुकानातून फक्त मीठ, हिंग आणि खोबरं.

या पद्धतीचा खरा उपयोग वाईट वर्षात कळायचा. १९७२ च्या दुष्काळात मी अगदी लहान होतो. सरकारनं बाहेरून आणलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्ली, हे मोठ्यांकडून ऐकलंय. आई सांगायची, त्या वर्षी भोगीला रानात हिरवं म्हणून काही नव्हतं. मग आदल्या सालचा वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला आणि बांधावरची बोरं, एवढ्यावर भाजी केली. बोरीची मुळं खोल जातात, तिला पावसाची फार पर्वा नसते. इनामगावच्या चुलीत जिची आठळी सापडली, तेच झाड बहात्तरला आमच्या घरी उपयोगी पडलं.

मग काय काय झालं, तेही क्रमानं सांगतो. १९७६ ला जायकवाडीचं उद्घाटन झालं आणि कालव्याखालच्या रानात ऊस गेला. २००२ ला बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि कोरडवाहू रानंही कापसानं भरून गेली. त्याच्या आगंमागं सोयाबीन आलं. एकच पीक, एकच फवारणी, एकदाच काढणी. मधे वालाचे दोन तास ठेवले तर फवारणीला अडचण, यंत्राला अडचण. गव्हात टू-फोर-डी मारलं की चाकवत गेला. सोयाबीनवरच्या तणनाशकानं रानभाज्या गेल्या. जेसीबीनं बांध कोरले तेव्हा बोरी गेल्या.

तुरीची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला पाहिजे. जुनी तूर १८० ते २०० दिवसांची. जूनच्या शेवटी पेरलेली तूर भोगीला हिरव्या शेंगांवर असायची. आता परभणीच्या विद्यापीठाचा बीडीएन ७११ हा वाण १५० ते १५५ दिवसांत येतो. भोगीपर्यंत तो काढून, भरडून डाळसुद्धा होते. म्हणून भाजीत ओले तुरीचे दाणे नाहीत. यात वाणाला दोष देता येत नाही. जमिनीतली ओल संपायच्या आत शेंग भरणारा वाण हलक्या-मध्यम रानाला वरदान आहे, मीही तोच पेरतो. फक्त एवढं कळावं, की वाण बदलला की सणाचं ताटसुद्धा बदलतं.

कापूस-सोयाबीननं आम्हाला पैसा दिला हेही खरं. पोरांची शिक्षणं त्याच्यावर झाली, घरावर स्लॅब पडला. जुने दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. आईचे हात मी बघितलेले आहेत.

पण हिशोब तर हिशोब. औंदा भोगीच्या भाजीत आमच्या घरी बारा जिनसा पडल्या. त्यातल्या रानातल्या चार : हरभरा, वांगी, मेथी, कांद्याची पात. बाकीच्या आठ शहरातून, जाधववाडीच्या बाजारातून आणल्या. बोरंसुद्धा विकत, तीही मोठी कलमी. शेतकऱ्याच्या घरातली भोगी आणि शहरातल्या फ्लॅटमधली भोगी यात फरक उरला नाही.

सरकारी कागदाला हे दिसत नाही. मलिक अंबरानं इथं जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा बांधायची पद्धत बसवली, तिची आजही वाहवा होते. पुढं गाव नमुना बारा आला, २०२१ पासून मोबाईलवरची ई-पीक पाहणी आली. त्यात मिश्र पिकाची सोय आहे. पण बांधावरचे चार वेल आणि दांडावरची दहा झाडं कोण लिहितो? ज्याचा सारा नाही, विमा नाही, अनुदान नाही, ते कागदावर येत नाही. त्याची नोंद फक्त पातेल्यात व्हायची. म्हणून ते कधी गेलं हेही कुठं लिहिलेलं नाही.

भोगीच्या दिवशी पौष्टिक तृणधान्य दिन पाळायला कृषी विभागानं सुरुवात केली आहे, चांगली गोष्ट आहे. बाजरीचं कौतुक झालंच पाहिजे. पण भाकरीसोबतच्या भाजीचंही कुणी बघावं. लातूर-धाराशिवकडं येळवशीला अशीच भज्जी होते. गुजरातेत उत्तरायणाला उंधियू होतो, त्यातही वालपापडी आणि वांगी. म्हणजे सूर्य वळायच्या सुमाराला शेंगा, वांगं असं सगळं एकत्र शिजवायची रीत मोठ्या मुलखात आहे. ती सगळीकडं एकाच गोष्टीवर उभी आहे : रानात एका वेळी अनेक पिकं असणं.

आता उपाय म्हणून काय करता येईल, ते सांगतो. सगळं रान बदला असं माझं म्हणणं नाही. घराला दोन गुंठे पुरतात. १३ जानेवारी डोळ्यासमोर ठेवून उलटं मोजायचं :

• देशी वाल, घेवडा : जून-जुलैत बांधाला टोकायचा. दिवस लहान झाले की आपोआप फुलतो.
• वांगी : सप्टेंबरात रोपं लावायची. आपल्याकडची लहान काटेरी.
• गाजर : ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.
• हरभरा : १५ ऑक्टोबरच्या आसपास. महिन्या-सव्वा महिन्यानं शेंडे खुडायचे. फांद्या वाढतात आणि खुडलेला पाला भाजीला होतो, उरला तर वाळवून ठेवायचा.
• वाटाणा : नोव्हेंबरचा पहिला आठवडा.
• कांद्याची पात : नोव्हेंबर.
• करडई, मेथी : डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कोवळ्या पाल्यासाठी.
• चाकवत : पेरायची गरज नाही. गव्हाचा एक कोपरा फवारायचा नाही, बस.
• बांधाला एक गावठी बोर.

आणि भाजी अशी. आठ माणसांचा अंदाज देतो. दोन वाट्या सोलाणे म्हणजे ओल्या हरभऱ्याचे दाणे, एक वाटी वालाचे दाणे, एक वाटी मटार, पाव किलो घेवड्याच्या कोवळ्या शेंगा, पाव किलो लहान वांगी, दोन गाजरं, मूठभर शेंगदाणे, दहा-बारा अर्धकच्ची बोरं, मूठभर मेथी आणि पात. कढईत तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण. आधी वालाचे दाणे आणि शेंगदाणे, थोडं गरम पाणी घालून दहा मिनिटं झाकण. वालाचा दाणा कच्चा राहता कामा नये. मग सोलाणे, मटार, घेवडा, गाजर. ते अर्धे शिजले की वांगी, वांगं आधी टाकलं तर त्याचा लगदा होतो. शेवटी मेथी, पात आणि चिरा दिलेली बोरं. काळा मसाला, मीठ, बोटभर गूळ, अर्धी वाटी भाजलेल्या तिळाचं कूट आणि थोडं खोबरं. मंद आचेवर दहा मिनिटं. रस दाट पाहिजे, भाकरीनं उचलता आला पाहिजे.

आई यात चिंच घालत नव्हती. हरभऱ्याच्या पाल्यावर आणि घाट्यावर जी आंब असते, तिनंच भाजीला आंबटपणा यायचा, उरलेला बोरांचा. बाजारातले सोललेले, धुतलेले सोलाणे आणले तर ती आंब मिळत नाही, मग चिंच घालावी लागते. रानातून काय गेलं ते जिभेला असं कळतं.

सगळ्यात मोठी काळजी बियाण्याची. हरभरा, तूर यांचं बी बदनापूरला, परभणीला, राहुरीला सांभाळलं जातं. पण बांधावरचा गावठी वाल, पांढऱ्या-जांभळ्या फुलाचा, रुंद शेंगेचा, प्रत्येक गावचा वेगळा, तो सगळाच काही गोदामात नाही. तो म्हाताऱ्या बायांच्या गाडग्यात, राखेत मिसळून ठेवलेला असतो. ती बाई गेली आणि पुढच्या जूनमध्ये कुणी पेरला नाही, तर दोन-तीन वर्षांत बी उगवायचं थांबतं. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंद करायला २००१ चा कायदा आहे. पण नोंद करायला आधी दाणा हातात पाहिजे.

मी औंदा गावातल्या तीन घरांतून वालाचे तीन प्रकार जमवले. एक काळसर, एक तांबडा, एक पांढरा पोटाचा. प्रत्येकी मूठभर. बाटल्यांवर घराचं नाव आणि तारीख लिहून ठेवली आहे. मृगात बांधाला टोकणार आहे. तुमच्या गावात कुणाच्या गाडग्यात काय आहे ते या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरच्या बायांना विचारायला सांगा. त्यांना सगळं माहीत असतं, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं.